ताटलीतली ठकी

प्रिय धाकटे,

परवा फोनवर तू इतकी आनंदात होतीस की मी नुसती हो हो करत फोन ठेवला. तुझ्या ठकीच्या कातडीच्या कणापासून आम्ही प्रयोगशाळेत मेंदूच्या पेशी वाढवल्या आणि त्या आता नीट चालतात, हे माझ्या सहकारिणीने तुला परस्पर सांगूनही टाकलं. तिच्या पोटात काही राहत नाही.

खोटं नाही ते. सुट्टीच्या दिवशीही जाऊन मी त्या काचेच्या ताटलीत नवं अन्न घालते, आणि आसपास कोणी नसलं की पेशींना दटावतेसुद्धा, नीट जेवा म्हणून. भाचीच की शेवटी! ठकीचं जे प्रथिन बिघडलंय, ते स्वतः फारसं काही करत नाही. घरात पाहुणे आले की आपली आई पळीला हात लावायची नाही, पण कोणी कुठे उभं राहायचं हे तिच्यावाचून ठरायचं नाही, तसंच. डीएनएचा लांबलचक धागा कुठे दुमडायचा, बाकीच्या प्रथिनांनी कुठे जमायचं, कोणतं जनुक केव्हा जागं व्हायचं, सगळं त्याच्या आधाराने. ते नसलं की नुसता सावळागोंधळ. आम्ही चांगलं प्रथिन आत पोचवलं आणि धागा नीट दुमडला, झोपलेली जनुकं जागी झाली. मी संगणकाच्या पडद्यासमोर बसून रडले.

पण तेव्हा त्या पेशींनी मेंदूत आपण कोण व्हायचं हे अजून ठरवलेलं नव्हतं गं. ज्या ताटल्यांत आम्ही ते उशिरा, पेशींचं ठरून गेल्यावर घातलं, तिथे काहीच झालं नाही. पुन्हा करून पाहिलं, तरी नाही. आमच्या सरांना मी इतकं खोदून विचारलं की ते चिडले. ठकीची ती वेळ तुझ्या पोटातच टळून गेली, आपल्याला कोणालाच पत्ता नसताना. मी हात टेकले.

तू म्हणालीस, रविवारी निघतो, ठकीला नवे बूट घेतलेत, परत येताना चालत येईल. म्हणून हे लिहिते आहे. तुझा आवाज ऐकला असता तर माझ्याच्याने हे बोलवलं नसतं. माझ्याकडे औषध नाही, धाकटे. पुढे कधी निघेल का, तेही माहीत नाही. तरी या. बूट घालूनच आण तिला. मी तिला मांडीवर घेऊन बसेन. मला तेवढंच येतं.

तुझीच,
ताई