मोराचा डोळा

शनिवार, संध्याकाळ

सकाळी रंगवून गेलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरच्या मोराला डोळा काढायचाच राहिला. मी डोळा नेहमी सगळ्यात शेवटी, मालकासमोर काढते. आज मालकाला घाई होती. ऊसतोड सुरू व्हायच्या आत सगळ्यांनाच ट्रॉली रंगवून हवी असते. मीही लगेच दुसरी ट्रॉली घासायला घेतली. आठवलं ते दुपारी, ब्रश धुताना.

फोन करू का? पण त्यालाही दिसलं नाहीच की. मग कुणासाठी काढते मी हे? प्रत्येकाला शेजाऱ्याच्या ट्रॉलीसारखाच मोर हवा. एकटीनं घासायचं, एकटीनं रंगवायचं, रंगाच्या हातांनी फोनही मीच उचलायचा. स्वतःच्या मनातलं काही काढून किती दिवस झाले? डोळा म्हणजे एक ठिपका. पण तेवढा एक ठिपका काढताना मजा यायची. तोच विसरले.

आत्ता मालकाच्या आईचा फोन आला.

"अगं पोरी, मोराला डोळाच न्हाई की! लई वेळ बघत बसले हुते मी त्याच्याकडं. उद्या ट्रॉली पाठवू का?"

"नको आजी, मीच येते."

म्हातारी लई वेळ बघत बसली होती. काढताना मी एकदा तरी पाहिलं होतं का त्याच्याकडं?