पाठ केलेला तक्ता

३ मार्च, सोमवार
ह्यांनी आज चहा कपात नाही, सरळ टेबलावर ओतला! मी हसले. हे हसले नाहीत. मग हळूच म्हणाले, "डाव्या डोळ्याला धुकं दिसतंय गं. चार महिने झाले."
चार महिने! आणि रोज बस चालवतात. पन्नास-साठ माणसं पाठीशी घेऊन.

४ मार्च
मी आरोग्य केंद्रात कार्डं भरते. दिवसभर लोकांना बजावते — साखर असेल तर वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासा. ह्यांना साखर होऊन नऊ वर्षं झाली. पडदा एकदाही तपासला नाही. मीही कधी धरून नेलं नाही.
डॉक्टरीणबाईंना विचारलं, 'एका ओळखीच्यांचं' म्हणून. म्हणाल्या, "गेलेली नजर परत येईलच असं नाही. उरलेली राखता येते. पण उशीर नको."
ह्यांचं उत्तर — "शुक्रवारी डेपोत चालकांच्या डोळ्यांची तपासणी आहे, ती होऊ दे. मग म्हणशील तिथं येतो."

६ मार्च
लिहायचीही लाज वाटते. डेपोतला अक्षरांचा तक्ता आमच्या केंद्रातल्यासारखाच आहे. ह्यांनी तो मागितला. मी साफ नाही म्हटलं.
"अगं, सत्तावीस वर्षं गाडीच चालवली. ती गेली तर माझ्यात उरतं काय?"
जेवलेच नाहीत. मग आणला उतरवून. मीच! दाढी करताना घोकत होते — ल, ट, प, घ...

७ मार्च
हे पास झाले.

११ मार्च
"आता चला डॉक्टरीणबाईंकडे."
"पुढच्या आठवड्यात."

१४ मार्च
रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला की हातातलं काम थांबतं.

१८ मार्च
पुन्हा "पुढच्या आठवड्यात." ओरडले, रडले, अबोला धरून पाहिला. हे गणवेश चढवून गेलेच. कुणाकडे तक्रार करू? तक्ता तर मी दिला. आज केंद्रात एका आजोबांना म्हटलं, "तपासणीला काय घाबरायचं!" — स्वतःचाच आवाज ऐकवेना.

२४ मार्च
ठरलं. उद्या डेपोत जाऊन सगळं सांगणार. माझी नोकरी गेली तर जाऊ दे. हे आयुष्यभर बोलणार नाहीत. न बोलू देत. पण बसमध्ये कुणाची तरी लेकरं असतात.

२५ मार्च
डेपोच्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वहिनी, तपासणीच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाले, पास झालोय, पण आता उजव्यानंही नीट दिसत नाही. तेव्हापासून सामानाच्या खोलीत बसतात. घरी सांगू नका म्हणाले."
त्या खोलीपर्यंत गेले. दारात उभी राहिले, त्यांच्या अगदी समोर. ह्यांनी मान वर केली.
"कोण पाहिजे?" म्हणाले.