मागावर टांगलेलं निळं फूल

प्रिय रेणू,

आजीचं पत्र आलं म्हणून घाबरू नको, मी ठणठणीत आहे. गुडघे सोडले तर सगळं चालते. मले लिहिता येत नाही हे तुले ठाऊक आहे. नवी नवरी होतीस तेव्हा तूच मले पाटीवर 'पा' गिरवायला लावलं होतंस, आणि तो पाहून कुलदीप म्हणाला होता की आजीनं बकरी काढली. तर हे मी सांगून राहिली आणि लिहिणारं दुसरं माणूस आहे. अक्षर ओळखलं असशील तर आत्ता गप राहा. त्याचं शेवटी बोलू.

आधी फुलाची खबर. तीनदा फोन करून सांगितलंस, आजी, यंदा फुललं तर माझ्यासाठी वाळवून ठेवा. यंदा तीन फुलं आली बाप्पा, आणि तिन्ही निळी! लग्नानंतर तू आणि कुलदीप उटीले गेले होते. लोक तिथून चहा आणतात, चॉकलेट आणतात, आमच्या शहाण्यानं ओल्या टॉवेलात गुंडाळून रोपटं आणलं. हायड्रेंजिया म्हणे. माझ्या तोंडात काही ते नाव बसलं नाही, मी गेंदच म्हणते. आंधळगावच्या उन्हात हे जगलं तर मी नाव बदलीन, असं मी म्हटलं होतं. न्हाणीमागच्या सावलीत, ओल्या गोणपाटाच्या आडोशानं ते जगलं, आणि पहिल्या साली गुलाबी फुललं. कुलदीपचं तोंड पाहायचं होतं! तिथं निळं होतं, इथं गुलाबी काहून? मग मोबाइलमध्ये वाचून आला की मातीत तुरटी पाहिजे. तुरटी म्हणजे आमच्या घरातली वस्तू. आयुष्यभर मी सूत रंगवलं, तुरटीशिवाय रंग पक्का होत नाही. रंगाच्या डब्यातला मोठा खडा काढून त्याच्या हातावर ठेवला. पंधरवड्यातून एकदा तो घोळून पाणी घालायचा. तीनच वेळा घातलं असेल. मग भादवा आला, आणि तुमसरच्या रस्त्यावरून त्याची गाडी घरी आलीच नाही.

त्यानंतर तू दिवाळीपर्यंत इथं होतीस, मग तुझे बाबा तुले माहेरी कोंढ्याले घेऊन गेले. झाडाकडे कोणी पाहिलं नाही, असं मी समजत होती. पण डब्यातला खडा लहान होत चालला. उंदीर तुरटी खात नाही. मी लक्ष ठेवलं. तुझी सासू साधना, जी दोन वर्षं झाली लेकाचं नाव तोंडातून काढत नाही, ती पंधरवड्याच्या पंधरवड्याले तुरटी घोळून त्या झाडाले पाजत होती. मी पाहिलंच नाही असं केलं.

फाल्गुनात फुलं आली आणि साधनानं पहिलं फूल उमलल्या दिवशीच तोडलं, आणि ठेवलं कुठं? गच्चीवर, भर उन्हात, चादरीवर! नाकाडोंगरीची पोर ती, लहानपणापासून मोहफुलं वाळवलेली. तिले वाटलं, फूल म्हटलं की ऊन दाखवायचं. मले विचारलं असतं तर सांगितलं असतं की रंगवलेलं सूत कोणी उन्हात घालते काय? संध्याकाळी आणायला गेली तर उकळून फेकलेली चहापत्ती. मी वरून थट्टा केली, आता याची दारू गाळ म्हटलं. आणि रेणू, ती तिथंच पायरीवर बसली आणि रडली. मयतीत रडली नाही, तेरवीले रडली नाही, ती त्या दिवशी रडली. माझी जीभ अशी, काय करू. मग मी पण शेजारी बसली.

दुसऱ्या फुलाची माती मी केली. सावलीत टांगलं खरं, पण कोवळंच तोडलं होतं, ते सुरकुतून माझ्यासारखं झालं. तिसऱ्याले हात लावला नाही. झाडावरच राहू दिलं, रोज बोटानं चाचपून पाहिलं. पाकळी कागदासारखी वाजू लागली तेव्हा कापलं, पानं काढली, आणि हातमागाच्या अंधाऱ्या खोलीत दोन बोटं पाणी घातलेल्या गिलासात ठेवलं. पाणी संपलं तरी पुन्हा घालायचं नाही. पिता पिताच ते वाळते. मग मागाच्या दांडीले उलटं टांगलं. रंग तसाच आहे, निळा.

आता दुसरी गोष्ट. माघात तुझे बाबा केशवराव येऊन गेले. पवनीच्या अनुपचं स्थळ सांगितलं. माणूस चांगला, तुलेही नापसंत नाही, पण तू म्हणून राहिली की सासरच्या आई स्वतः सांगत नाहीत तोपर्यंत नाही. साधना चहा घेऊन आली, कप ठेवले, आणि एक शब्द न बोलता आत गेली. केशवराव बिचारे चहा तसाच ठेवून उठले. मी बावीस वर्षांची होती तेव्हा तुझा सासरा खेमराज मांडीवर होता आणि त्याचा बाप गेला. मले कोणी काही विचारलं नाही. मी मागावर बसली ती बसलीच. लोक म्हणायचे, पार्वता किती चांगली राहिली. चांगली राहिली म्हणजे काय, तर कोणाले दिसली नाही.

म्हणून हे पत्र. फोन माझ्या उशाशीच असते, पण फोनवर मी बोलली असती, आणि तुले माझं बोलणं नको होतं. साधनाची जीभ उचलत नाही. मग मी म्हटलं, मी अडाणी बाई, माझं एक पत्र लिहून दे. आपल्या फजितीचं तिनं सगळं निमूट लिहिलं, चहापत्तीपाशी थोडी हसली पण. 'तुमसरच्या रस्त्यावरून' म्हटलं तेव्हा पेन थांबलं. मी वाट पाहिली. आता तिले सांगते, लिही: रेणू, अनुपले हो म्हण, आम्हा दोघींची खुशी आहे. लिहिलं की नाही ते मले वाचता येत नाही, पण हात हलताना दिसला. आणि फुलाचं म्हणशील तर ते मागू नको, मिळणार नाही. वाळलेलं फूल सांभाळायले इथं दोन बाया बसल्या आहेत, तिसरी नको. खाली अंगठा माझा. शेजारी जागा सोडायले सांगितली आहे. तिथं ती काय लिहिते ते तुझं तू वाच, मले सांगू नको.

तुझीच,
पार्वता आजी

रेणू, कुलदीपचं फूल मी सांभाळते. तू हो म्हण, बाळा.
तुझीच आई, साधना