दारातलं भांडं

४ नोव्हेंबर, हॅम्बर्ग

हॅनोव्हर सुटलं. नव्या फ्लॅटची किल्ली शनिवारी मिळेल, तोवर हे गेस्टहाउस. बाहेरून जुन्या व्यापाऱ्याचं विटांचं, गप्प घर. आत शिरलं की मोरोक्को. मालकीण नादिया. तिच्या वडिलांनी फेस शहरातलं एक पडीक घर विकत घेतलं आणि त्याचा सबंध चौक सुटा करून इथे आणून जोडला. निळ्या-हिरव्या फरशा, कारंजं, कोरीव दारं. वर काचेचं छत, त्यावर इथला पाऊस.

ओवीने कारंज्यात हात घातला आणि आपण इथेच राहायचं, असं जर्मनमध्ये जाहीर केलं. आम्ही मराठीत बोलायचं, तिने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं. किंडरगार्टनला जायला लागल्यापासून हे असंच. हृषिकेश म्हणाला, आधी फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर बसवून घेऊ, मग कारंज्याचं बघू.

संध्याकाळी दाराबाहेर मातीचं लहान भांडं दिसलं. बाजूंना निळी नक्षी, नरसाळं उपडं ठेवावं तसं झाकण, त्याच्या कडेला टवका. आत खजूर. मऊ, मधासारखे.

५ नोव्हेंबर

हृषिकेश कामासाठी दूर दक्षिणेत, ब्योब्लिंगेनला गेला. शुक्रवारी येईल.

भांडं धुऊन ठेवलं. फोनवर सासूबाईंना सांगितलं तर त्या लगेच म्हणाल्या, अगं मुक्ता, रिकामं परत देऊ नकोस हं, निदान चिमूटभर साखर घाल. मला सांगायची गरज नव्हती. माझ्या आईनेही कुणाचं भांडं कधी रिकामं परत केलं नाही. दिवाळीचे बेसनाचे लाडू उरले होते. दोन घातले आणि भांडं दारात ठेवलं. ओवीची अंघोळ होईपर्यंत ते गेलं होतं.

रात्री फोनवर हृषिकेशला हसू आलं. हॉटेलशीसुद्धा शेजारधर्म सुरू केलास का, म्हणाला.

६ नोव्हेंबर

सकाळी पुन्हा भांडं. तीच नक्षी, झाकणाच्या कडेला तोच टवका, पण आकाराने मोठं. आत बदामाची बिस्किटं आणि ओवीची केसांची पिन. ती परवा कारंज्यात पडली होती. फार बरं वाटलं. चकल्या भरून ठेवल्या.

७ नोव्हेंबर

नाश्त्याला नादियाचे आभार मानले. तिला काही कळेना. तिचं स्वयंपाकघर नाश्त्यापुरतंच, आणि या आठवड्यात दुसरे पाहुणे नाहीत. मग ती सावकाश म्हणाली, वडील सांगायचे, चौकातून काही आलं तर घेऊ नये. घेतलंच तर भांडं पालथं घालून ठेवावं. क्वचित कुणा पाहुण्याच्या दाराशी येतं. लोक खातात, विसरतात, भांडं नाहीसं होतं. तू काय केलंस?

मी सांगितलं.

भरून? तिने पुन्हा पुन्हा तेच विचारलं. भरून दिलंस?

खोलीशी आले तर दारात परातीएवढं भांडं. झाकण उचललं. वरणभात. वर तूप. ओवीला लागतो तसा, गुरगुट्या कालवलेला.

पालथं घातलं. सामान भरायला घेतलं.

८ नोव्हेंबर, सकाळ

कालच स्टेशनजवळच्या हॉटेलात आलो. पांढऱ्या भिंती, राखाडी गालिचा. इथे काहीही जुनं नाही.

आत्ता दार उघडलं.

भांडं. माझ्या कमरेपर्यंत आलं आहे. तोच टवका. झाकण बाजूला ठेवलेलं. आत काही नाही.

या वेळी त्यांनी रिकामं पाठवलं आहे. भरून द्यायची सवय मीच दाखवली.

वळून पाहते तो ओवी आत बसलेली, गुडघे पोटाशी घेऊन. पास्ट गेनाऊ, म्हणाली. अगदी मापात बसते. हसत होती. ओढून काढलं.

दुपार

पालथं घातलं. सुलटं झालं. रिसेप्शनवरच्या बाई वर येऊन पाहून गेल्या. कॉरिडॉरमध्ये काहीच नाही म्हणाल्या, मला पाणी प्यायला सांगितलं. त्यांचा कोट त्याला घासून गेला.

लाडू, चकल्या, साखर, तांदूळ, असेल ते सगळं ओतलं. तळ दिसतोच आहे.

हृषिकेश निघाला आहे.

संध्याकाळ

गाडीला उशीर. दाराला खुर्ची लावली आहे. ओवीला मांडीशी घेऊन जमिनीवर बसले आहे, डाव्या मुठीत तिच्या स्वेटरची बाही. उजव्याने लिहिते आहे.

मघापासून ती गप्प आहे. झोपली असेल.

बाहेर आवाज. मातीवर माती घासल्याचा.

झाकण. झाकण लावलं.

म्हणजे भांडं भर —

नाही. ओवी इथे आहे. बाही माझ्या मुठीत आहे, घट्ट. फक्त बाहीच्या आत —