शेवटच्या ठोक्याआधी

१४ मार्च

चि. बारक्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. माझी सर्दी गेली, घरमालकीण तेवढी आहे तशीच आहे. लढाईमुळे टपाल फोडून वाचतात, म्हणून पत्र मावशीच्या हाती देतेय.

गोदामातलं काम कसं चाललंय? मावशी म्हणत होती, पोरगा दिवसभर पोती उचलतो म्हणतो, पण हात कारकुनासारखे मऊ. मी म्हटलं, तेल लावत असेल. या कचेरीत बसून मला सगळ्यांवर संशय घ्यायची खोड लागलीय, रागावू नकोस.

आमचे साहेब सांगतात, जुन्या काळी राजे अक्षरं बदलून चिठ्ठ्या पाठवायचे. मग कुणीतरी शांतपणे बसून कुठलं अक्षर जास्त येतं ते मोजलं आणि गुपितं उघडी पडली. कुलपं कितीही बदला, साहेब म्हणतात, माणसाची सवय जात नाही.

आपल्या बंदराजवळून कुणीतरी रोज दुपारी शत्रूला बिनतारी निरोप धाडतो. अर्थ साहेब लावतात, मी फक्त ठोके ऐकते. पण ठोक्यांनाही हस्ताक्षरासारखं वळण असतं. हा माणूस निरोप संपवताना शेवटच्या ठोक्याआधी किंचित अडतो. आपले बाबा तारमास्तर. ताटलीवर चमचा वाजवून त्यांनी आपल्याला तार शिकवली, तेव्हा एकच पोर तिथे अडायचं. "अरे, चप्पल शोधतोस काय? संपव की!" बाबा ओरडायचे. आठवतं?

गेल्या आठवड्यात असाच एक निरोप गेला आणि दुसऱ्या दिवशी जहाज बुडालं. समोरच्या शिंप्याचा मुलगा त्यावर होता. साहेबांनी मला विचारलं, "हात ओळखीचा वाटतो का?" मी नाही म्हणाले.

मावशीला यातलं काही माहीत नाही. दुपारच्या आत पत्र देऊन दिवेलागणीपर्यंत तुझ्यासमोर बसून राहा, एवढंच सांगितलंय. चहा पाजून तिला वाटेला लावू नकोस, ती हलायची नाही.

तू हे वाचत असशील तेव्हा मी कानाला यंत्र लावून बसलेली असेन. तो आवाज आला, तर रविवारी येऊन तुझ्यासमोर कान धरीन, हव्या तेवढ्या शिव्या दे. नाही आला, तर उठून साहेबांच्या खोलीत जाईन.

शत्रूचा निरोप यावा म्हणून जन्मात पहिल्यांदा देवाला हात जोडतेय, बारक्या.

ऐकत बसलेली,
तुझी ताई