तुम्ही पुसलेला नकाशा

बाई, तुम्ही गेलात त्याला आता इतकी वर्षं झाली की शाळेतल्या नव्या शिक्षकांना तुमचं नावही माहीत नाही. माझा राग मात्र जिथल्या तिथे आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं असतं, म्हणून शोकसभेत मीही बोलले. शिस्त, वक्तशीरपणा, भूगोलाची आवड, सगळं म्हणून झालं. हार घातलेल्या फोटोतून तुम्ही माझ्याकडे नेहमीच्याच नजरेने बघत होतात, चूक सापडलीच म्हणून समज, अशा नजरेने. आणि माझ्या मनात एकच वाक्य घोळत होतं, की या बाईने माझा नकाशा पुसला. एकदा पुसला आणि पुन्हाही पुसला. त्या दिवशी चारचौघांत ते बोलता आलं नाही, म्हणून आज लिहायला बसले आहे.

पहिल्या वेळी मी आठवीत होते. गंगापूर गावाजवळच्या मळ्यातून सायकल मारत सातपूरला शाळेत यायचे, केसांत बहुतेक वेळा गुलाबाच्या पानांचा चुरा असायचा. मधल्या सुट्टीत मी फळ्यावर गोदावरी काढली होती, त्र्यंबकच्या डोंगरापासून थेट समुद्रापर्यंत, सगळ्या उपनद्यांसह. रंगीत खडू चित्रकलेच्या सरांकडे मागून आणले होते. मला वाटलं होतं तुम्ही दारात थबकाल आणि विचाराल, कुणी काढलं गं हे. तुम्ही थबकलात खऱ्या. नदी वरपासून खालपर्यंत पाहिलीत, मग डस्टर उचललंत आणि सगळी पुसून टाकलीत. "फळा कुणाच्या मालकीचा नसतो," एवढंच म्हणालात आणि त्या दिवशीचा धडा सुरू केलात. डस्टरवर निळा रंग चढला होता तो आठवडाभर तसाच होता, आणि तुम्ही फळा पुसलात की थोडा निळा ओरखडा उठायचा. त्याच्याकडे बघून माझ्या डोक्यात तिडीक जायची.

फळ्याचा तुमचा नियम अख्ख्या शाळेला पाठ होता. तास संपला की शिक्षकाने स्वतःचा फळा स्वतः पुसायचा, मॉनिटरला सांगायचं नाही, आणि पुढच्या शिक्षकाच्या हातात कोरा फळा द्यायचा. कुणी घाईत तसाच सोडून गेलं तर तुम्ही त्या शिक्षकाला स्टाफरूममधून परत बोलवायचात, मुलांसमोर. गणिताचे सर तुमच्यापेक्षा वयाने मोठे होते, त्यांनाही सोडलं नाहीत. तुम्हाला याचा अभिमान होता. मला आजही तो निव्वळ हट्ट वाटतो.

त्याच आठवड्यात तुम्ही पंचवटीच्या बाजारात आमच्या दादांकडून, म्हणजे माझ्या वडिलांकडून, मेथी घेतलीत, हे मला नंतर कळलं. दादा घरी येऊन आईला सांगत होते, "बाई म्हनत व्हत्या, पोरगी लय हुशार हाय. तिला शिकवा म्हने, मळ्यात राबवू नका." दादांना तुम्ही देवाच्या जागी. त्यानंतर तुमच्या पिशवीत कोथिंबिरीची जुडी वरून पडायला लागली आणि माझं पुढचं शिक्षण कुणी अडवलं नाही. म्हणजे मी शिकले ते तुमच्या शब्दावर, एवढं मला कबूल करावंच लागतं. पण बाई, जे दादांना भाजीच्या ढिगासमोर सांगता आलं ते मला वर्गात सांगायला तुमचं काय जात होतं? मी समोरच्या बाकावर बसलेली होते. मला तुमची शाबासकी तिसऱ्याच माणसाकडून, तीही चुलीपुढे चोरून ऐकावी लागली.

पुढे बी.एड. करून मी त्याच शाळेत भूगोल शिकवायला आले तेव्हा तुम्ही पर्यवेक्षिका झाला होतात. नकाशांच्या कपाटाची किल्ली तुमच्याच कमरेला. पावसाचा नकाशा हवा असेल तर तुमच्यापुढे उभं राहायचं, मग गुंडाळ्या एकेक उलगडून बघायच्या, कसर लागलेल्या कडा हातात यायच्या, आणि नकाशा सापडेपर्यंत अर्धा तास संपलेला असायचा. मग औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याने शाळेला बोटाने चालणारा कॉम्प्युटरचा फळा देणगी म्हणून दिला. तुम्ही त्याची पूजा केलीत, नारळ फोडलात, आणि पांढऱ्या पडद्याच्या कोपऱ्यात हळदीकुंकवाची बोटं उमटवलीत. तो डाग शेवटपर्यंत गेला नाही, प्रत्येक नकाशात बंगालच्या उपसागराच्या वर कुठेतरी कुंकू दिसायचं. बाकीच्यांनी त्या फळ्यावर कापडाचं कव्हर चढवून टाकलं. मी एकटीच त्याच्या मागे लागले.

त्या फळ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एका बाजूला पानांची रांग दिसायची, वहीसारखी, आणि एक गॅलरी होती. तिच्यात चित्रं, नकाशे, फोटो साठवून ठेवायचे आणि हवं ते बोटाने ओढून पानावर आणायचं. मी इयत्तेप्रमाणे फोल्डर केले, त्यात प्रत्येक प्रकरणाचा वेगळा, त्यात नकाशे निराळे, फोटो निराळे, प्रश्न निराळे. गंगापूर धरणाच्या दारांचे फोटो काढून आणले, आमच्या मळ्यातल्या फ्लॉवरचे रोपापासून गड्ड्यापर्यंतचे काढले. शाळा सुटल्यावर बसून बसून दोन वर्षांत मी ते सगळं रचलं. पावसाचा नकाशा आता बोट लावल्यावर समोर यायचा. कपाटाच्या किल्लीसाठी तुमच्यापुढे उभं राहण्याची मला गरज उरली नव्हती, आणि ते तुम्हालाही कळत होतं.

त्यातलं एक पान मात्र मी रचलेलं नव्हतं. नववीच्या मुलांना मी भारताचा कोरा नकाशा उघडून दिला आणि म्हटलं, तुमच्या घरचे जिथून सातपूरला आले ते गाव इथे लिहा. एकेक जण उठून फळ्याशी आला आणि त्या फळ्याच्या खास पेनने लिहून गेला. कुणी धुळ्याकडचं, कुणी नंदुरबारचं, दोघं सिन्नरचे, बरेच बिहारचे. एकाचं गाव कुठल्याच नकाशात सापडेना, त्याने आईला विचारून जवळच्या स्टेशनवरून अंदाजाने ठिपका दिला. ज्यांची शेती कारखान्यांखाली गेली त्या घरातली एक मुलगी उठली आणि नाशिकवर लिहून आली, आम्ही इथलेच. पुढच्या परीक्षेच्या आत एक कारखाना बंद पडला आणि त्यातली काही मुलं दाखले घेऊन निघून गेली. त्यांचं अक्षर शाळेत तेवढंच उरलं होतं. मी ते पान रोज उघडायचे असं नाही, पण ते आहे हे मला माहीत असायचं.

मग दादांचं ऑपरेशन निघालं आणि मी रजा घेतली. माझे तास तुम्ही आपणहून मागून घेतलेत. मला तेव्हा बरंच वाटलं होतं, आज सांगताना लाज वाटते. रजेवरून आले, नववीचा फोल्डर उघडला. फोल्डर सगळे जागेवर, धड्यांची नावं जागेवर, आणि आत पांढरी पानं. आठवीचा उघडला, तेच. मला वाटलं मशीन बिघडलं. कॉम्प्युटरचे सर खाली मान घालून उभे होते. त्यांनी सांगितलं की बाईंनी आधी पडद्यावरचं रबर फिरवून बघितलं, त्याने अक्षरं गेली पण चित्रं जाईनात, मग सरांनाच बोलावून विचारलं की अख्खं पान साफ कसं करायचं. सरांना वाटलं एखादं पान असेल. तुम्ही मग रोज शाळा सुटल्यावर बसून, एकेक फोल्डर उघडून, एकेक पान साफ केलंत. फाइल बंद करताना ते मशीन दर वेळी विचारतं, बदल ठेवायचे का. दर वेळी तुम्ही हो म्हणालात. दुसरी प्रत नव्हती. सीडी करायचं यंत्र बंद पडलेलं होतं आणि दुरुस्तीच्या अर्जावर तुमची सही व्हायची होती.

तुम्ही स्टाफरूममध्ये डबा खात होतात. मी समोर जाऊन उभी राहिले, आणि काही विचारायच्या आत तुम्हीच समाधानाने म्हणालात, "फळा स्वच्छ करून ठेवलाय गं. किती साठवून ठेवलं होतंस."

"बाई, ते माझे धडे होते," मी म्हटलं. "आणि त्यात मुलांनी लिहिलेलं होतं."

"धडा डोक्यात असतो. फळ्यावर उरतो तो पुढच्या माणसाच्या वाटेत येतो. उद्या तू गेलीस, दुसरी कुणी आली, तिने काय तुझ्या अक्षरावर शिकवायचं?" तुम्ही पोळीचा तुकडा मोडलात आणि म्हणालात, "बस, दोन घास खा. दादा कसे आहेत?"

मी बसले नाही. त्यानंतर तुमच्याशी कामापुरतंच बोलले, आणि तुम्ही त्याचं कारणसुद्धा विचारलं नाहीत. तुम्हाला खरंच कळलं नव्हतं, की सगळं कळून सवरून तुम्ही माझ्या कामावर पाणी फिरवलंत, हे मी इतकी वर्षं मनात घोळवते आहे. नियमाच्या भक्तीने केलंत म्हणावं तर चित्रं जाईनात तेव्हा थांबायला हवं होतं, तुम्ही थांबला नाहीत. द्वेषाने केलंत म्हणावं तर मग दादांची चौकशी कशाला केलीत? नवरा म्हणतो, म्हातारीला मशीन कळलं नाही, सोडून दे. त्याला काय जातंय सोडायला.

तुम्ही रिटायर झालात, आणि वर्षभरात अंथरुणाला खिळलात. स्टाफबरोबर मीही पंचवटीत तुमच्या घरी आले होते. मी एका शब्दासाठी आले होते, दुसरं काही नाही. सगळे खाली उतरल्यावर चपला शोधायच्या निमित्ताने मी मागे थांबले. तुम्ही मला जवळ बोलावलंत आणि क्षीण आवाजात विचारलंत, "शाळा सुटल्यावर त्या फळ्याचं बटण बंद करता ना?" मी म्हटलं, करतो. त्यानंतर तुम्ही डोळे मिटलेत आणि मी जिना उतरून आले. दोन महिन्यांनी तुमची बातमी आली.

गेलेल्या माणसाला असं लिहिलेलं पत्र लोक रामकुंडावर नेऊन गोदावरीत सोडतात म्हणे. मी नेणार नाही. हे कुठल्याही वाटेने तुमच्यापर्यंत जावं असं मला वाटत नाही, आणि त्याचं कारण रागापेक्षा वेगळं आहे. तुम्ही पुसल्यावर मी सगळे धडे पुन्हा केले. मुलांचं ते पान सोडून, ते कुणालाच पुन्हा करता येणार नाही आणि त्याची माफी तुम्हाला नाही. पण बाकीचे केले. समोर जुनं काहीच नव्हतं, त्यामुळे प्रत्येक धड्याला मला आधी विचारावं लागलं की यातून मुलांना नक्की काय कळायला हवं. निम्मे फोटो मी परत घातलेच नाहीत, त्यांची गरज नव्हती. दुसऱ्यांदा केलेले धडे पहिल्यापेक्षा कितीतरी चांगले झाले, बाई. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, आणि तुम्हाला तर मुळीच कळू देणार नाही.