डोमाजीदादाचा राखीव पाय

जुने शहर, अकोला
ता. १२-१-१९६९

चि. सौ. पंचफुलास थोरला भाऊ डोमाजीचा जयभीम व अ. आ.

चालताना छातीत दुखते म्हणून डॉक्टरांना दाखवले. रक्ताची नळी चोंदली आहे, हृदयाच्या स्नायूला रक्त पुरत नाही, म्हणून तो जोर धरत नाही, असे ते म्हणाले. गोळ्या दिल्या आणि रोज मोर्णा नदीच्या काठी सावकाश चालायला सांगितले.

पण वाचनालयातल्या पेपरात आले आहे की, अमेरिकेत पायाची शीर काढून हृदयाला जोडतात. चोंदलेली जागा टाळून रक्त जाते आणि स्नायू पुन्हा कामाला लागतो. आपल्याकडेही हे येईलच. तोवर शीर कोरी राहावी म्हणून सोळा दिवस डावा पाय जमिनीला लावलेला नाही; धोतरात गुंडाळून ठेवतो. तुझी इंदूवहिनी म्हणते की, या मानसानं पाय नाई, डोकं राखाले पायजे.

लोभ सध्या एका पायावर उभा आहे, पडू देऊ नकोस.

डोमाजी


अमरावती
ता. १९-१-१९६९

ती. दादास पंचफुलाचा शि. सा. जयभीम.

आधी हसले, मग रडले. मी जिथे आया आहे त्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना विचारले. चालल्याने शीर झिजत नाही. आणि मेलेला स्नायू रक्त देऊनही उठत नाही. उपाशी राहून सुस्तावलेला असेल तोच उठतो. पाटाचे पाणी आले की सुकलेली मिरची मान वर करते, वाळलेली करत नाही, तसे. तुझा किती सुस्त आणि किती मेला, हे इथे कुणाला सांगता येत नाही. म्हणून चाल बाबा.

शिरेचीच काळजी असेल तर माझी घे. तीस वर्षे उभ्याने नोकरी केली, पोटऱ्यांवर शिरा दोरखंडासारख्या वर आल्यात, शोधायचाही त्रास नाही. बाईंच्या वहीत नाव लिहायला लावले आहे.

वहिनीला जयभीम. माया कमी करू नकोस.

पंचफुला


अकोला
ता. २-२-१९६९

चि. पंचफुलास अ. आ.

आधी वहीतले नाव खोड. भावाने बहिणीला द्यायचे असते, तिच्याकडून घ्यायचे नसते. छप्पन साली देव्हारा सोडला, हा नियम सोडलेला नाही. शेजारचा मोतीराम म्हणाला की, साडीचोळी देऊन शीर घ्या, मंग काय हरकत हाय. त्यावर इंदू म्हणाली की, नणदेची शीर छातीत बसली तं हा मानूस माहं कायले आयकते!

तुझा पाय कापण्यापेक्षा चाललेले बरे, म्हणून सोमवारपासून दोन्ही पायांनी पुलापर्यंत जातो. कळ आली की कठडा धरून थांबतो, जिभेखाली गोळी ठेवतो. लोकांना वाटते, नदी बघतो आहे. कळ गेली की वाटते, दुखला म्हणजे स्नायूचा एवढा भाग तरी जिवंत आहे.

पंचे, मला फार भीती वाटते. हे इंदूला कळवू नकोस. ती रोज वीस पावलांवरून माझ्या मागे येते, आणि तिला वाटते मला ठाऊक नाही.

तुझाच,
दादा